शहाण्या राजाची गोष्ट कंटाळवाणी का होते?

वेळूबन
नमस्कार मंडळी. बडोद्यातून लिहितोय. बरेच दिवस एका कल्पित राज्याची कादंबरी चालू आहे. राज्याचं नाव अभ्राळ. सात डोंगरांमधलं खोरं, वर्षातले आठ महिने धुकं. धुक्यात वाट चुकलेला माणूस परत येतो तो स्वतःचं नाव विसरून. म्हणून अभ्राळात बाराव्या दिवशी मुलाच्या दंडावर नाव गोंदतात. खालच्या वाडीतल्या लोकांना मात्र गोंदून घ्यायची मुभा नाही. आणि धुक्यात शिरायची कामं, म्हणजे लाकूड आणणं, मेलेली जनावरं ओढणं, ही नेमकी त्यांच्याच गळ्यात.

इथे तारकेतू नावाचा राजा साठ वर्षं राज्य करतो. न्यायी, अभ्यासू, पक्ष्यांची बोली समजणारा. कुठे काय बिनसलं ते पक्षी येऊन सांगतात, राजा विचार करतो, योग्य निर्णय देतो. सहाव्या प्रकरणात तो खालच्या वाडीलाही गोंदायचा हक्क देतो.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाचनकट्ट्यावर पहिली चार प्रकरणं वाचून दाखवली. तिसऱ्या प्रकरणात एका काकूंनी पिशवीतून शेंगा काढून सोलायला घेतल्या. चौथ्यात त्यांच्या मदतीला आणखी दोघी.

राजा आतून दुष्ट निघाला, वेडा झाला, असलं काही करायचं नाही. तो शहाणाच राहिला पाहिजे. मग त्याच्या आयुष्यात आणि कारकिर्दीत लिहिण्यासारखं काय उरतं?

सुरसागर_काठी
काकूंना विचारा, शेंगा भाजलेल्या होत्या की ओल्या. त्यावरून कादंबरीचा दर्जा ठरवता येईल.

फासा
पक्षी मारा.

गंमत नाही करत. मी रविवारी पोरांना घेऊन फाशांचे साहसखेळ खेळवतो, त्यात असे राजे ढिगानं येतात. ज्याला सगळं कळतं त्याच्या राज्यात गोष्ट घडतच नाही. खेळणारी मुलं अशा राजाला दुकानदारासारखं वापरतात: काम सांगा, बक्षीस द्या, चला पुढे. राजापर्यंत बातमी उशिरा पोचली पाहिजे, अर्धवट पोचली पाहिजे, आणि आणणाऱ्याचा त्यात काहीतरी स्वार्थ पाहिजे.

वेळूबन
@फासा, पक्षी मारवत नाहीत हो. पण खोटं बोलायला शिकवता येतील.

कोठीकर
वेळूबन, बडोद्यात राहून हा प्रश्न विचारताय याचं नवल वाटलं. सकाळी सयाजीबागेत फिरायला जाता ना? मग ज्यांच्या नावाची बाग, त्यांचं चरित्रच उघडा की.

पण सुरुवात सयाजीराव गायकवाडांपासून करू नका. आधी त्यांच्या आधीचे महाराज, मल्हारराव गायकवाड घ्या. थोरले बंधू खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, तर यांनी सोन्याच्या ओतल्या. १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीला कमिशन बसलं. तीन इंग्रज, तीन हिंदी. इंग्रजांच्या मते दोषी, हिंदी सभासदांना पुरावा पटला नाही. मग सरकारनं विषाचा मुद्दा बाजूला ठेवला, गैरकारभाराचं कारण दिलं आणि १८७५ मध्ये महाराजांना गादीवरून काढून मद्रासला धाडलं. तुम्ही कल्पनेनं एवढं रचलं असतं तर लोक म्हणाले असते, जरा जास्तच होतंय.

आता रिकामी गादी. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. शोध घेत घेत माणसं पोचली मालेगावजवळच्या कवळाण्याला, गायकवाडांच्या एका शेतकरी शाखेकडे. काही मुलं बडोद्याला आणली. कशासाठी आलास असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. ही कथा नंतर घासूनपुसून झाली असेल, पण ज्याला अक्षरओळखही जेमतेम होती असा गुराखी पोरगा १८७५ मध्ये सयाजीराव म्हणून गादीवर बसला, हे तर खरं. पुढची सहा वर्षं दिवाण सर टी. माधवराव राज्य चालवत होते आणि इलियट नावाचे इंग्रज शिक्षक राजाला पाटी-पुस्तकापासून शिकवत होते. १८८१ च्या डिसेंबरात अधिकार हाती आले.

तुमचा तारकेतू पहिल्या पानापासून शहाणा आहे. तो शहाणा होताना दाखवा. गादीवर बसलेला आणि रोज सकाळी बाराखडी गिरवणारा राजा पाहून काकू शेंगा खाली ठेवतील.

लष्करवाला
त्या कमिशनवर आमचे जयाजीराव शिंदेही होते, आणि आमच्याच दरबारचे जुने दिवाण दिनकरराव. म्हणजे सहातले दोघे ग्वाल्हेरचे. बडोद्याच्या कादंबरीत ग्वाल्हेरला निदान एक प्रकरण द्यावं, ही विनंती.

सुरसागर_काठी
ग्वाल्हेरला प्रकरण दिलं की तिथल्या राजवाड्यातली चांदीची छोटी आगगाडी जेवणाच्या टेबलावर धावायला लागेल.

लष्करवाला
धावूदे की. ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. तुमच्या सोन्याच्या तोफांपेक्षा उपयोगाची आहे.

सराफा_मध्यरात्र
भिया, इंदूरला विसरून शहाण्या राज्यकर्त्यांचा धागा काढता म्हणजे कमाल आहे!

अहिल्याबाईंचं घ्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव होळकर. १७६७ मध्ये मुलगा मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत महेश्वरहून कारभार. पुढे नातू गेला, जावई गेला, आणि १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईनं विनवणी केली, ऐकलं नाही. काशी विश्वनाथाचं मंदिर उभं करणाऱ्या, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीला चितेवरून मागे फिरवता आलं नाही. हे एक दृश्य लिहा, बाकी काही नको.

शिवाय फौज सेनापती तुकोजीराव होळकरांच्या हातात, खजिना बाईंच्या. मोहिमेवरून पैशाचा तगादा, इकडून हिशेबाची मागणी. दोन शहाणी, कर्तबगार माणसं आणि एक तिजोरी. खलनायक लागतो कुठे?

अलकापुरीतली_मनी
वासराला रथाखाली चिरडलं म्हणून अहिल्याबाईंनी मुलाला तीच शिक्षा दिली, ती गोष्ट पण छान आहे ना? कादंबरीत घेता येईल.

सराफा_मध्यरात्र
मनी, ती आख्यायिका आहे, आणि दुसऱ्या राजांच्या नावावरही हीच सांगतात. न्यायी राजा दाखवायचा म्हणजे पोटच्या पोरावर रथ घालायचा, हा साचा झालाय. त्यात गाय आडवी येते, राणी विरघळते आणि टाळ्या. मला त्यापेक्षा हिशेबाचे तगादे जास्त खरे वाटतात.

फासा
+१. हिशेबाचे तगादे.

चहाटळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उलटतपासणी
कोठीकरांच्या प्रतिसादाला माझा नम्र विरोध. बडोद्यात आपण मराठी माणसं सयाजीरावांबद्दल बोलायला लागलो की दोन मिनिटांत आरती सुरू होते. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, बँक, संगीत, सगळं मान्य. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये प्रयोग, १९०६ मध्ये राज्यभर, पाठ आहे आम्हाला. पण वेळूबनना यादी नकोय, त्यांच्याकडे यादी आधीच आहे. त्यांची मूळ अडचण तीच आहे!

मी दुसरे आकडे देतो. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख. १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख. मधे छप्पनिया, म्हणजे संवत १९५६ चा, दुष्काळ आला आणि त्यामागून रोगराई. राजा तोच होता, शहाणाच होता. दुष्काळी कामं काढली, सूट दिली, तरी एवढी माणसं कमी झाली. गुजरातेत अजून म्हातारी माणसं छप्पनियाचं नाव घेतात.

आता सांगा, अभ्राळात पाऊस पडला नाही तर तारकेतू काय करतो? पक्षी काय सांगणार, सगळीकडे कोरडंच आहे म्हणून?

पाणीवाला
पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. जन्म पाटबंधाऱ्यात गेला.

आजव्याचं सरोवर पाहिलंय ना सगळ्यांनी? बहुतेकांनी कारंजी पाहिली असतील. ती सोडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मातीचं धरण बांधलं गेलं ते शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी निव्वळ उतारानं शहरात आणता आलं. यात राजाचं शहाणपण काय? पातळी मोजणाऱ्या माणसाचं ऐकलं, आणि फळ दिसायला वर्षं लागणार हे माहीत असून पैसा सोडला. दरबारात याचं काहीच चमकदार दिसत नाही. पण ज्या घरातली बाई आधी विहिरीवर नंबर लावायची, तिच्या दिवसातले तास वाढले.

म्हणून मला वाटतं, गोष्ट राजाच्या जवळून लिहायचीच कशाला? तारकेतूला चार प्रकरणांत एकदा दाखवा. बाकीचा वेळ नळ दाखवा.

सुरसागर_काठी
"बाकीचा वेळ नळ दाखवा." पाणीवाला साहेब, हे कादंबरीचं नाव होऊ शकतं.

नकाशेबाज
अभ्राळचा नकाशा कसा आहे? एकसंध खोरं असेल तर राजाचं काम फारच सोपं करून ठेवलंय तुम्ही. बडोदे संस्थान नकाशावर बघा. कडी, बडोदे, नवसारी, अमरेली असे प्रांत, एकमेकांपासून तुटलेले. मधे ब्रिटिश मुलूख, मधे दुसरी संस्थानं. अमरेली तर थेट काठेवाडात. आपल्याच एका प्रांतातून दुसऱ्यात जायला परक्याच्या हद्दीतून जायचं. हुकूम निघतो एकीकडे, अंमल होतो लांब तिसरीकडे. आणि रयत गुजराती, गादी मराठी. राजा ज्या भाषेत स्वप्नं बघतो ती भाषा त्याच्या बहुतेक प्रजेची नाही.

डोंगर सातच ठेवा, पण खोरी तोडा.

अलकापुरीतली_मनी
अवांतर: रावपुऱ्यात आत्ता सेवउसळ खाताना हा धागा वाचतेय आणि शेजारी दोन काका याच विषयावर भांडतायत. तुमच्यापैकीच कोणी आहात का?

कोठीकर
नाही. मी घरी आहे आणि डॉक्टरांनी उसळीवरची तिखट तरी बंद केली आहे.

लष्करवाला
बडोद्याचे लोक सेवउसळीत तरी मागून वरून ओतून घेतात हे खरं का?

अलकापुरीतली_मनी
खरं ने. नाही ओतली तर ते फक्त वाटाणे.

सराफा_मध्यरात्र
आम्ही पोह्यांबद्दल काही बोललो नाही, याची नोंद घ्यावी.

वेळूबन
सेवउसळीतून परत येऊ. बरंच मिळालं.

नकाशेबाज, खोरी तोडली. पाणीवाला साहेब, नळ येतील. उलटतपासणी, दुष्काळाचं प्रकरण सहाव्याच्या आधी घेतोय, म्हणजे गोंदण्याचा हुकूम त्यानंतर येईल. दुष्काळात खालच्या वाडीची माणसं लाकडासाठी खोल धुक्यात जातात, नाव विसरून परत येतात, घरचे त्यांना ओळखतात पण ते घरच्यांना ओळखत नाहीत. राजा हे स्वतः बघतो. दुसऱ्या दिवशी ताम्रपट निघतो: अभ्राळातल्या प्रत्येकाच्या दंडावर नाव. सातव्या प्रकरणात सगळ्यांच्या दंडावर नावं आहेत आणि उत्सव आहे.

निळाई
वाचत होते, लिहिणार नव्हते. पण "सातव्या प्रकरणात सगळ्यांच्या दंडावर नावं आहेत" वाचून लिहावंसं वाटलं.

सयाजीबागेत संकल्पभूमी आहे. इथल्या अर्ध्या लोकांनी तिच्या बाजूनं फेऱ्या मारल्या असतील. तिथे काय झालं ते क्रमानं सांगते, कारण तुमचं सहावं आणि सातवं प्रकरण त्यातच आहे.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. अट होती की परतल्यावर संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीसाठी आले. राजाची इच्छा होती, राजाचा हुकूम होता, हुद्दा होता. राहायला जागा नव्हती. हिंदू खाणावळीत कोणी घेईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच, अडगळीत, रात्री मिणमिणता कंदील. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केलेला होता आणि तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. तो फिरत असतानाच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम वाईट होतील. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिलं. दोघांनी आपापली कारणं सांगितली. मग बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले.

यात राजा दुष्ट आहे का? नाही. हुकूम खोटा आहे का? नाही. तरीही कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला त्या शहरात पाठ टेकायला एक खोली मिळाली नाही. वेळूबन, तुमची गोष्ट इथे आहे. ताम्रपट आणि दंड यांच्या मधे. आणि गोंदायचं म्हणजे दंड हातात धरावा लागतो. कोण धरणार आहे?

नकाशेबाज
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

कोठीकर
निळाई, प्रसंग खरा आहे, लाज वाटावी असाच आहे. पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही बघा. त्या काळात किती संस्थानिकांनी ही शिष्यवृत्ती दिली असती? अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा शिकवायला सवर्ण शिक्षक मिळत नव्हते, तरी काढल्या. राजा एकटा किती पुढे जाणार? डोक्यावर रेसिडेंट बसलेला. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे रीतीप्रमाणे न वाकता एकदाच मान लववून पाठ फिरवली, तर केवढा गदारोळ झाला, व्हाइसरॉयला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. अशा माणसाकडून...

निळाई
कोठीकर काका, मी राजाला काही म्हटलंच नाही. शिष्यवृत्तीचं मोल आमच्या घरात तुमच्यापेक्षा कमी नाही, जास्तच असेल. मी म्हणतेय की त्या बागेतल्या प्रसंगाचा नायक राजा नाही. आणि तुम्ही दोन्ही वेळा गोष्ट राजाकडेच वळवलीत.

उलटतपासणी
हे मात्र खरं.

कोठीकर
बरं. पण दरबाराचा मुद्दा कादंबरीसाठी सोडू नका. तारकेतूच्या वरही कोणीतरी असू दे. ज्याच्यापुढे त्याला दर वर्षी वाकावं लागतं. शहाणा माणूस किती वाकतो, यात दोन प्रकरणं निघतील.

मावशीबोली
सगळा पुरुषांचाच कारभार चाललाय म्हणून डोकावले. अभ्राळला राणी आहे की नाही? बडोद्याला चिमणाबाई होत्या. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या अध्यक्ष त्या. आणि घरात काय झालं? मुलगी इंदिराराजे शिकवून-सवरून वाढवली, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरवलं, आणि पोरीनं स्वतःच मोडलं! कूचबिहारच्या राजपुत्राशी करायचं म्हणून हटून बसली. १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न लागलं, आईवडील गेले नाहीत.

बालविवाहाविरुद्ध १९०४ मध्ये कायदा करणारा राजा, मुलींच्या शिक्षणासाठी आईबापांना दंड ठोठावणारा राजा. त्याची शिकलेली मुलगी म्हणते, माझं मी ठरवणार. यात बाप म्हणून तो काय म्हणाला असेल, हे मला वाचायचंय. राज्यकारभार पुरे झाला.

लष्करवाला
ग्वाल्हेरच्या जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभारी आहे.

सुरसागर_काठी
म्हणूनच टेबलावर आगगाडी ठेवलीत का? कोणी जेवताना न बोलता पळून गेलं तर पाठवायला?

मावशीबोली
आणि मुलांचं. चार मुलगे, त्यातले तीन बापाच्या डोळ्यांदेखत गेले. १९०८, १९१९, १९२३. शेवटी १९३९ मध्ये गादी नातवाकडे गेली. दहा वर्षांत संस्थानच विलीन झालं. एवढं राज्य घडवायचं आणि ते कोणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर बसलेला. तुमच्या तारकेतूला साठ वर्षांत एकही मूल कसं नाही?

फासा
वारस हा चांगला मुद्दा. शहाणपण वारशानं जात नाही. खेळातही राजा मेल्यावरच मुलं जागी होतात.

पाणीवाला
म्हणूनच नळ. राजा गेला तरी उतार तसाच राहतो.

चहाटळ
पॉपकॉर्न संपले, चहा ठेवलाय.

अलकापुरीतली_मनी
मला एक जागा सुचवायची होती. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत कधी पुस्तकांच्या कपाटांच्या भागात गेलात? लोखंडी रॅक आणि पायाखाली जाड काचेच्या लाद्या. खालच्या मजल्यावरचा उजेड वर येतो, खाली चालणाऱ्या माणसाची पुसट सावली दिसते. लहानपणी मी पाय टाकायला घाबरायचे. अभ्राळच्या दफ्तरखान्याला अशी जमीन द्या ना. राजा वर उभा, आणि खाली त्याच्याच हुकमाची फाईल घेऊन कारकून इकडून तिकडे फिरताना त्याला दिसतोय. हाक मारली तर ऐकू जात नाही.

वेळूबन
मनी, ही जमीन उचलली.

दोन रविवार गेले, सहावं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यातला तुकडा देतो. झोडपा.

"ताम्रपट लागून दोन पावसाळे झाले होते. वाघोळीच्या पारावर तो दुपारी चांगला तापायचा, म्हणून पाटलीणबाई त्यावर सांडगे वाळत घालत. सांडग्यांखालची अक्षरं सगळ्या गावाला पाठ होती.

मुलगा आला तेव्हा चंद्राई सुया उकळत होती. त्यानं राजाच्या शिक्क्याचं पत्र काढून ओट्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरला. चंद्राईनं पत्र पूर्ण वाचलं, कपाळाला लावलं. म्हणाली, महाराजांचा हुकूम, आमचं भाग्य. आज अवस आहे पण. अवसेला गोंदलेलं नाव टिकत नाही.

तो प्रतिपदेला आला. रंग संपला होता. पंचमीला आला, मोठी सुई मोडली होती. पौर्णिमेला चंद्राई माहेरी गेली होती, आणि दारात बसलेल्या तिच्या सासूनं त्याला आदरानं सांगितलं, की पुढच्या गावची सगुणा हात चांगला चालवते, तिच्याकडे जा. सगुणेनं विचारलं, चंद्राईनं का नाही गोंदलं?

सात गावांत कोणीही त्याला नाही म्हटलं नाही.

त्याच सुमारास राजधानीत तारकेतू काचेच्या जमिनीवर उभा राहून दिवाणांना विचारत होता, वाघोळीचं काम कुठवर आलं. दिवाण म्हणाले, महाराज, सातही गावांहून उत्तर आलं आहे. हुकूम शिरसावंद्य."

पक्षी आहेत अजून. पण ते फक्त ओट्यावरचं बोलणं ऐकतात, आणि ओट्यावर सगळे गोडच बोलतात.

उलटतपासणी
सांडगे! मान गये. "चंद्राईनं का नाही गोंदलं" यापुढे मी वाचन थांबवून एक चक्कर मारून आलो.

सराफा_मध्यरात्र
झकास. दिवाणाचं उत्तर वाचून अंगावर काटा आला, आमच्या हापिसातली पत्रं अशीच असतात.

फासा
पक्षी मारायची गरज उरली नाही. मागणी मागे घेतो.

कोठीकर
चांगलं आहे. एकच. "काम कुठवर आलं" विचारून राजा गप्प बसतो, हे शहाण्या राजाला शोभत नाही. निदान एखाद्या गावाला तपासायला माणूस धाडू दे. आणि तो माणूस चंद्राईच्या ओट्यावर बसून सरबत पिऊन परत येऊ दे.

पाणीवाला
गोंदायचा खर्च कोण देतं? सरकार देत असेल तर दर गोंदणामागे किती? पैसा गावात पोचला आणि काम झालं नाही, तर तो कुठे गेला ते पण यायला हवं. काजळी आणि झाडपाल्याच्या रसाला फार लागत नाही, पण हिशेबात लागलेला दिसेल.

मावशीबोली
सासूचं पात्र उत्तम जमलंय. तिला पुढे आणा. आणि राजाला मुलगी द्या, मी विसरलेले नाही.

निळाई
बरं उतरलंय. उत्सवाचं प्रकरण गेलं, हे सगळ्यात बरं.

पण बघा, चंद्राईला नाव आहे, सगुणेला आहे, राजाला आहे, गावाला आहे. मुलगा मात्र पूर्ण पानभर "मुलगा"च. दंडावर गोंदलं नाही म्हणून त्याला नावच नाही की काय? बारा-पंधरा वर्षं त्याची आई त्याला काहीतरी हाक मारतच असेल. आणि खालची वाडी इतकी वर्षं धुक्यात जाऊन परत येतेय, त्यांनी आपली माणसं आठवणीत ठेवायला गोंदण्याशिवाय काहीतरी शोधून काढलं असणारच. गाणं असेल, दोरीच्या गाठी असतील. ते राजाला माहीत नाही, पक्ष्यांना नाही, आणि सध्या तुम्हालाही नाही. पुढचं प्रकरण वाडीत जाऊन लिहा.

वेळूबन
गाठी घेतो. नावासाठी थांबतो थोडं, घाईत ठेवायचं नाही.

पाणीवाला साहेब, दर गोंदणामागे सव्वा दाम धरलाय. जास्त होतात का?

पाणीवाला
अभ्राळात ज्वारी काय भावानं आहे ते आधी सांगा.